इंजिनाचा नंबर आणि गाडीची ओळख

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन कसे ओळखावे, हा आजचा विषय पत्रिकेत छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक जुने दुखणे मांडू द्यावे. बाहेरगावच्या एका स्पर्धेत आपल्या सोलापूरची एक प्लिमथ, म्हणजे जुनी अमेरिकन मोटार, उभी होती. परीक्षकांनी बॉनेट उघडले, आत पर्किन्सचे डिझेल इंजिन दिसताच नाक मुरडले आणि ते पुन्हा बंद केले. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले, अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा मालकाने मेस्त्रीकडून नवी माउंटिंग करवून घेऊन हे इंजिन बसवले, आर.सी. बुकात त्याचा नंबर रीतसर चढवला आणि पुढे कित्येक वर्षे ती गाडी होटगी रस्त्याने वऱ्हाडे वाहत राहिली. (एका खेपेत किती माणसे बसत, हे आरटीओचे निवृत्त साहेब पहिल्या रांगेत असल्यामुळे सांगत नाही.)

बक्षीस मिळाले ते शेजारच्या आठ सिलिंडरच्या शेव्हरोलेटला, कारण इंजिनावरचा नंबर कागदाशी तंतोतंत जुळत होता. पण उजव्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, पुढे, जिथे तो नंबर ठोकलेला असतो, ती जागा इतकी गुळगुळीत होती की परीक्षकांना स्वतःच्या मिशा दिसाव्यात. कारखान्यातील यंत्र त्या जागेवर बारीक समांतर रेघा सोडते. त्या नाहीशा झाल्या असतील तर कोणीतरी तेथे घासून नवा नंबर पंच केला असण्याचा दाट संशय घ्यावा. शिवाय ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे ओतीव धड, ओतल्याची तारीख त्याच्या अंगावरच उठवलेली असते, महिन्यासाठी ए ते एल यांपैकी एक अक्षर. गाडी तयार झाल्यानंतर ओतलेला ब्लॉक तिचा जन्मजात असूच शकत नाही. हे तपासण्याऐवजी परीक्षक रंगाची चकाकी पाहत होते, ही माझी तक्रार आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा आता घाईने मांडतो. 1929 आणि 1930 साली फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची मोटार शर्यत जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीत पुढे आठ लिटरचे इंजिन बसले आणि इतरही पुष्कळ भाग बदलले. तिच्या विक्रीवरून वाद झाला, तेव्हा 1990 साली इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवले की शर्यतीच्या दिवशी होती तशी ती उरलेली नाही, तरीही तिचा इतिहास कोठे तुटलेला नसल्यामुळे गाडी तीच आहे. आपल्याकडील 2021 च्या नियमांनी मात्र पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर देताना चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी अट घातली. नियम शब्दशः लावला तर ती प्लिमथ बाहेर राहील, आणि खोटा नंबर पकडला गेला नाही तर शेव्हरोलेट आत जाईल.

म्हणून स्पर्धेच्या अर्जात इंजिन केव्हा, का आणि कोणाकडून बदलले, हा रकाना असावा, बदल नोंदवणाऱ्याचे गुण कापू नयेत आणि पुसलेल्या नंबराची गाडी थेट बाद करावी, अशी माझी सूचना आहे. फियाटच्या 1089 सीसी इंजिनावर नंबर कोठे शोधावा, हे चहाच्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या गाडीवरच दाखवतो.