लेन लाय: काळ्या फिल्मवरचे ओरखडे

(दृश्य: काळी फिल्म, वर टेकलेली सुई. अगदी जवळून.)

लेन लाय कॅमेऱ्याविना, थेट फिल्मवर कोरून चित्रपट करायचे. ही १६ मिलिमीटरची काळी फिल्म. एक चौकट जेमतेम १० मिलिमीटर रुंद, साडेसात उंच. पडद्यावरून सेकंदाला अशा २४ जातात.

आधी बाजू ओळखायची. ओलसर ओठाला टेकवली की चिकटते, ती इमल्शनची, म्हणजे फिल्मवरच्या काळ्या थराची. खरवडायचं तिथेच. थर निघाला की उजेड आरपार, काळ्यावर पांढरी रेघ.

हात हलका पडला तर थर अर्धवट राहतो, रेघ मळकट उमटते. जोर झाला तर पट्टीलाच खाच पडते; कडेची भोकं फाटली तर प्रोजेक्टरचे दात फिल्म पकडतच नाहीत. निघालेला भुसाही लगेच झटकायचा, नाहीतर प्रोजेक्टरमध्ये अडकून बसतो. म्हणून मूळ पट्टी चालवत नाहीत; प्रिंट काढतात.

(दृश्य: पडद्यावर थरथरणारी उभी रेघ.)

रेघ सलग लांबीला ओढली की अशी उभी थरथरते. तिला गिरकी हवी तर प्रत्येक चौकटीत केसभर सरकवून नव्याने कोरायची. चार मिनिटांना ५,७६० चौकटी! लाय यांची हत्यारं: सुया, करवतीचे दात, दंतवैद्याची अवजारं, दगडी बाणांची टोकं. अंग ताठ करायचं, सुई टेकवायची आणि अंगातली थरथर हातातून फिल्मवर उतरू द्यायची. आमच्या मते खरा कॅमेरा हाच.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

जन्म १९०१, क्राइस्टचर्च, न्यूझीलंड. १९२६ साली बोटीवर कोळसा ओढत लंडन गाठलं. १९३५ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म युनिटसाठी ‘अ कलर बॉक्स’ केली, कॅमेऱ्याविना, थेट फिल्मवर रंगवून. कुंचल्याच्या रेषा, कंगव्याचे ओरखडे, स्टेन्सिलचे ठिपके, खाली नाचाचं संगीत. आणि शेवटी स्वस्त पार्सलची जाहिरात! सरकारी पैशातून एवढी मौज क्वचितच निघाली असेल.

१९४४ ला न्यूयॉर्क. तिथे १९५८ साली ‘फ्री रॅडिकल्स’, आफ्रिकेतल्या बागिर्मी जमातीच्या ढोलांच्या तालावर. ब्रसेल्सच्या प्रायोगिक चित्रपट स्पर्धेत दुसरं पारितोषिक मिळालं, पैसा मात्र उभा राहिला नाही. लाय पोलादाच्या हलत्या शिल्पांकडे वळले.

१९७९ साली त्यांनी ‘फ्री रॅडिकल्स’ पुन्हा हाती घेतली, आणखी कापली, चार मिनिटांवर आणली. पुढच्या वर्षी ते गेले.

(दृश्य: काळा पडदा. ढोल.)

ही ती चार मिनिटं.