नफ्याआधी टिपा वाचा

श्रोतेहो, नमस्कार.

कंपन्यांचे वार्षिक अहवाल हाती पडण्याचे हे दिवस. अहवाल उघडला की बहुतेकांची नजर थेट नफ्यावर जाते. नागपूरच्या इतवारीतले व्यापारी तर मला आधी हेच विचारतात, 'नफा किती झाला जी?' मी म्हणतो, तो आकडा कोणत्या पद्धतीनं काढलाय ते आधी बघा. ते सापडतं मागच्या पानांवरच्या टिपांमध्ये, लेखांकन धोरणांच्या मथळ्याखाली.

समजा, एका मसाला कारखान्यानं कळमन्याच्या बाजारातून शंभर किलो भिवापुरी मिरची 150 रुपये किलोनं घेतली. भाव चढला, पुढची शंभर किलो 200 रुपयांनी पडली. वर्षअखेरीपर्यंत शंभर किलो विकली गेली आणि 22,000 रुपये आले. आधी आलेला माल आधी गेला असं धरलं, तर खर्च 15,000 आणि नफा 7,000. सरासरी भाव धरला, तर खर्च 17,500 आणि नफा 4,500. मिरची तीच, गिऱ्हाईकही तेच! दोन्ही पद्धती नियमात बसतात. शेवटी आलेला माल आधी गेला असं मात्र आपल्याकडे धरता येत नाही. हा अडीच हजारांचा फरक उरलेल्या साठ्यात दडलेला असतो आणि तो माल विकला की फिटतो. पण तुम्ही शेअर घेता ते या वर्षीचा नफा बघून.

आता नागपूरजवळच्या उमरेडकडे चला. तिथल्या उघड्या खाणीत कोळसा लागण्याआधी वरची माती आणि दगड हटवावा लागतो. खाणवाले त्याला 'ओबी' म्हणतात. हा खर्च सगळा याच वर्षाच्या नफ्यातून वजा करायचा, की त्यामुळे पुढच्या काळात निघणाऱ्या कोळशावर वाटायचा? इंड एएस, म्हणजे भारतीय लेखांकन मानकं; त्यातल्या 16 क्रमांकाच्या मानकाला यासाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडलेलं आहे. माती हटवल्यामुळे पुढच्या कोळशापर्यंत पोचणं सोपं झालं आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या, तर तेवढा खर्च मालमत्ता म्हणून दाखवतात. खाण कंपनीचा शेअर असेल तर ही टीप सोडू नका.

घसारा, म्हणजे यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यावर वाटून दरवर्षी खर्चात धरणं. त्याचं थोडक्यात सांगतो. कंपनी कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये संगणकाचं आयुष्य 3 वर्षं आणि सर्वसाधारण यंत्रांचं 15 वर्षं दिलंय. कंपनी वेगळं आयुष्य धरू शकते, पण तसं उघड सांगून तांत्रिक आधार द्यावा लागतो. आयुष्य वाढवलं की दरवर्षीचा घसारा घटतो आणि नफा फुगतो.

मात्र यंत्राचं आयुष्य बदलणं हा अंदाजातला बदल. त्याचा परिणाम पुढच्या काळावरच होतो, मागचे आकडे जसेच्या तसे राहतात. धोरण बदललं, तर सहसा मागच्या वर्षाचे आकडेही नव्यानं मांडावे लागतात. म्हणून गेल्या वर्षीचा अहवाल जवळ ठेवा आणि त्यातला नफा यंदाच्या अहवालातल्या मागच्या वर्षाच्या रकान्याशी ताडून बघा. जुळला नाही, तर कारण टिपेत असायलाच हवं. अहवालातली ही सर्वांत कामाची पानं, असं माझं मत आहे.

एप्रिल 2023 पासून इंड एएस पाळणाऱ्या कंपन्यांनी महत्त्वाच्या धोरणांचीच माहिती द्यावी, असा बदल झालाय. तरीही मानकातली वाक्यं पानंच्या पानं उतरवून काढणारे आहेतच. त्यातून कंपनीनं स्वतः काय ठरवलं, ते शोधावं लागतं. आणि धोरण मुळातच चुकीचं असेल, तर टिपेत उघड सांगितल्यानं ते बरोबर ठरत नाही, हेही मानकातच लिहिलंय.

लेखापरीक्षकाच्या अहवालात एखाद्या टिपेकडे मुद्दाम लक्ष वेधलेलं असेल, तर ती टीप आधी काढा. शंका राहिली तर सर्वसाधारण सभेत विचारा. बऱ्याच कंपन्या आता सभा ऑनलाइन घेतात, बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. त्याची मुदत सभेच्या सूचनेत दिलेली असते. नमस्कार.