फक्कीच्या रेषा

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: पहाट. माळरान. लांबून जेसीबीचा आवाज.)

ह्या पांढऱ्या रेषा नीट बघा. फक्की आहे, चुन्याची. इकडं तीस फूट, तिकडं चाळीस फूट, मधून रस्ता सोडलाय. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात सिमेंटचा खांब, खांबावर लाल रंगात नंबर.

आधी ह्याच माळावर, ह्याच फक्कीनं, बैलगाडी शर्यतीच्या शेवटाची एकच आडवी रेषा मारली जायची. त्या रेषेला आम्ही निकाल म्हणायचो.

(दृश्य: महामार्गावरचे ट्रक. ओढा, बाभळी, देऊळ.)

सोलापूर जिल्हा, सांगोला तालुका. मागं ट्रक जाताना दिसतायत तो रत्नागिरी-नागपूर महामार्ग. मिरजेकडून येतो, सांगोला, मंगळवेढा करत सोलापूरला जातो. रस्ता आणि माळ यांच्यामध्ये एक ओढा, चार बाभळी आणि बिरोबाचं देऊळ. देवळापासून पूर्वेला सरळ गेलेला हा उघडा पट्टा म्हणजे आमचं बैलगाडी शर्यतीचं मैदान. ‘होतं’ म्हणायला अजून जीभ रेटत नाही.

(दृश्य: ड्रोनमधून माळ, २०२३ चा उन्हाळा.)

हे वरून घेतलेलं चित्र २०२३ च्या उन्हाळ्यातलं. सात समांतर ओळी दिसतात. इकडं त्यांना तास म्हणतात. नांगराच्या एका ओळीला शेतकरी तास म्हणतो, तोच हा शब्द. एका तासात एक गाडी. सात गाड्या एकदम सुटायच्या आणि मिनिटभरात सगळं आटपायचं.

त्या एका मिनिटासाठी माळावर दीड महिना काम चालायचं. ते काम मी तीन हंगाम चित्रित केलं. शर्यतीचं चित्रीकरण करून प्रशासनाकडे द्यावं लागतं, त्यासाठी शर्यतीच्या कमिटीनं मला बोलावलं होतं. एका दिवसाचं काम होतं. मी आधीच जाऊन बसायला लागलो, ते ह्या माणसामुळं.

(दृश्य: आबा. अनवाणी, डोक्याला टॉवेल, हातात पाटी.)

हे आबा. सत्तरी ओलांडलेली. कमिटीत नाव नाही, बॅनरवर फोटो नाही. मैदान मात्र त्यांच्या हातचं.

माळ खासगी, दोन भावांच्या मालकीचा. पावसाळ्यात त्यावर हुलगा, मटकी. पीक निघालं की मालक मोकळ्या मनानं माळ गावाला द्यायचे. दिवाळी झाली की आबा कामाला लागायचे, आणि पहिलं काम दगड वेचण्याचं. यंत्रानं नाही, हातानं. सात तासांमधून ते सकाळी एकदा सूर्याकडं तोंड करून चालणार, संध्याकाळी एकदा सूर्याकडं तोंड करून. कारण उन्हाची तिरीप समोरून आली की बारक्या खड्याचीही सावली दिसते. खिलार बैलाचा खूर टणक, पण दोन नखांच्या बेचक्यात सुपारीएवढा खडा अडकला की धावता बैल लंगडतो.

आबा म्हणतात, “खडा आपल्याला दिसत न्हाई. बैलाला घावतो.”

(दृश्य: कुळव. फळी. संध्याकाळी टँकर.)

दगड निघाले की कुळवाच्या, म्हणजे माती भुसभुशीत करायच्या औताच्या, दोन पाळ्या. मग फळी. मग टँकर, तोही दिवस मावळल्यावरच. दुपारी मारलेलं पाणी उडून जातं, रात्रीचं मुरतं. सकाळी पुन्हा हलका कुळव फिरवायचा. वर दोन बोटं भुगा आणि खाली टणक बूड, असा थर जमला पाहिजे. भुगा जास्त झाला तर पाय रुततात आणि बैलाच्या खुब्यावर ताण येतो. बूड उघडं पडलं तर खुराला मार बसतो आणि छकड्याचं, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीचं, चाक उसळतं.

(दृश्य: आबांची टाच, जवळून. मातीवर ठसा.)

ही त्यांची मोजपट्टी. अनवाणी चालायचं आणि टाच दाबायची. ठसा उठला पाहिजे, टाच आत जाता कामा नये. पूर्ण पल्ला, सातही तास. ठसा नीट उठला नाही तिथं ते काडी रोवायचे. संध्याकाळी टँकरवाला त्या काड्या बघत यायचा.

मग तास आखायचे. सुतळी ताणायची आणि तिच्या कडेनं लाकडी नांगर चालवायचा. ह्या कामाला आबांचा एक म्हातारा बैल होता. कधी शर्यतीत पळाला नाही, पण सरळ चालायचा. पडद्यावर डावीकडं दिसतोय तो.

आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मैदान बघायला आलेला माणूस सुट्टी बघतो, म्हणजे गाड्या सुटतात ती जागा, आणि निकाल बघतो. आबा निकालाच्या पुढचं बघायचे. पुढं दोनशे मीटर मोकळी जागा, तीही किंचित चढाची आणि ढिली नांगरलेली. भरधाव आलेली जोडी कासरा ओढून थांबत नाही. चढ लागला, पायाखाली ढेकूळ आलं की आपसूक मंदावते. त्या दोनशे मीटरमध्ये माणूस उभा राहू द्यायचा नाही, हा आबांचा नियम, आणि त्या बाबतीत त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही.

असं मैदान पैसे टाकून आठवड्यात उभं राहत नाही. बूड बसायला वर्षं जावी लागतात. इथलं बूड तीस वर्षं बसत होतं.

(दृश्य: सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार. शिंगं, वशिंडं, दाव्यांची रांग.)

हा सांगोल्याचा रविवारचा बाजार. इथं उभं राहिलं की शर्यत कशासाठी, हे सांगावं लागत नाही. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. त्यावरून ह्या जातीचं नाव पडलं. आटपाडी, म्हसवड, सांगोला हा सगळा कमी पावसाचा मुलूख तिचं घर. अरुंद कपाळ, मागं जाऊन वर वळलेली टोकदार शिंगं, काटक पाय. कोसा, काजळी अशी रंगावरून नावं. थोड्या वैरणीवर तग धरणारं आणि उन्हात न थकणारं जनावर.

पण खिलार गाय दूध कमी देते. संकरित गाईच्या हिशेबात ती बसत नाही. नांगराला ट्रॅक्टर आला, उसाच्या वाहतुकीलाही ट्रॅक्टर आला. मग खोंड दावणीला ठेवायचा कशासाठी? ह्या मुलखातल्या शेतकऱ्यानं त्याचं उत्तर शर्यतीत शोधलं. पळणाऱ्या खोंडाला किंमत आली म्हणून खिलार गाय गोठ्यात राहिली. माझा यावर विश्वास आहे आणि मी तो लपवत नाही.

(दृश्य: शर्यतीची सकाळ. टेम्पोतून उतरणारे बैल. गुलाल. चहाच्या गाड्या.)

शर्यतीची सकाळ. टेम्पो येतायत ते माण, जत, आटपाडी, माळशिरस, पंढरपूरकडून. पशुवैद्यकीय डॉक्टर बैल तपासतायत. हा गृहस्थ खोंडाचा ओठ उचलून दात दाखवतोय. दुधाचे दात अजून पडले नसतील तर तो आदत. आदतांची शर्यत वेगळी.

आणि हे दोघं बघा. एकाचा बैल जतचा, दुसऱ्याचा आपल्या सांगोल्याचा. सकाळपर्यंत ओळखही नव्हती. एकाचा डाव्या खांदी पळतो, दुसऱ्याचा उजव्या. दोन मालकांचे दोन बैल एका जुवाखाली आणायचे, याला पैरा म्हणतात. शेतीच्या कामात शेजारी एकमेकांचे बैल घेतात, तोच पैरा. जात, पक्ष, गाव कुणी विचारत नाही. बैल कुठल्या खांदी पळतो, एवढंच विचारतात.

आता झेंड्याकडं लक्ष ठेवा.

(निवेदन थांबते. झेंडा पडतो. सात गाड्या. चाळीस सेकंद फक्त खुरांचा आवाज आणि माईकवरचा निवेदक.)

(दृश्य: बंद गोठा. भिंतीला टेकवलेला छकडा, त्यावर धूळ.)

हे मैदान याआधीही थांबलं होतं. २०११ साली केंद्राच्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या, म्हणजे खेळ करून दाखवायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या, यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूसोबत बैलगाडी शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त केला, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटकचे कायदे वैध ठरवले.

बंदी उगाच आली नव्हती. आर, म्हणजे काठीचा खिळा, टोचायची, बॅटरीचा झटका द्यायचा, शेपटी पिरगाळायची, हे मैदानांवर घडत होतं आणि बघणारे गप्प बसत होते. नियमांनी ते बंद केलं, हजार मीटरच्या पुढचा पल्लाही बंद केला, हे चांगलंच झालं. आमचा पल्ला साडेआठशेचा.

ह्या सगळ्या तारखा मला पाठ आहेत, कारण त्या सात वर्षांत आबा काय करत होते ते गावानं बघितलंय. शर्यत नाही, कमिटी नाही, टँकरचे पैसे नाहीत. तरी दर दिवाळीनंतर कुळवाची एक पाळी ते मारायचे आणि दगड वेचायचे. विचारलं तर म्हणायचे, “बूड मोडलं तर परत बसत न्हाई.”

(दृश्य: २०२२. पहिल्या शर्यतीआधी देवळात नारळ.)

२०२२ च्या उन्हाळ्यात हा नारळ फुटला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी लम्पी, म्हणजे गुरांच्या त्वचारोगाची साथ, आली, जनावरांचे बाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या. माळ वाट बघत राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा झेंडा पडला, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

मग महामार्गाच्या कडेची जमीन महाग झाली. भावांची वाटणी झाली, मुलं पुण्याला, माळ विकला गेला. जमीन त्यांची, निर्णय त्यांचा. तीस वर्षं त्यांनी एक रुपया भाडं घेतलं नाही, तेव्हा त्यांना बोल लावायचा आम्हाला अधिकार नाही. ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत.

(दृश्य: प्लॉटिंगचा फलक. कमान. रंगीत झेंडे.)

मैदान गेल्यापासून गावातले चार जोड सांगोल्याच्या बाजारात विकले गेले, सराव आता कालव्याच्या भरावावर आणि डांबरी रस्त्यावर होतो, आणि त्या रस्त्यावर एका खोंडाचा पाय मोडला.

न्यायालयात परवानगी मिळवायला सात वर्षं लागली. परवानगीच्या अर्जात शर्यत कुठं होणार ते लिहावं लागतं. आज आमच्या गावाकडं त्या रकान्यात लिहायला जागा नाही. कुस्तीला आखाडा असतो, क्रिकेटला स्टेडियम असतं. एक किलोमीटरच्या आसपास लांब आणि शंभर मीटर रुंद, म्हणजे साधारण पंचवीस एकर जागा लागते. तालुक्यात कुठंतरी एक कायमचं मैदान राखून ठेवा, एवढी मागणी आम्ही लेखी दिली आहे. अर्जाला पोच मिळाली, उत्तर अजून यायचं आहे. दुसरा माळ कधी मिळालाच, तर त्याचं बूड बसवायला आबांसारखा माणूस तेव्हा असेल का, ही माझी खरी काळजी.

(दृश्य: सध्याचा माळ. संध्याकाळ. आबा एकटे चालताना.)

हे शेवटचं चित्रीकरण मागच्या महिन्यातलं. आबांना म्हटलं, एकदा माळावर येता का, तुमची टाच दाबतानाची एक चौकट घेऊ. आले. पण पायात चपला होत्या. काढा म्हटलं तर नको म्हणाले.

सुट्टीची जागा आता सत्तावीस नंबरच्या प्लॉटमध्ये आहे. तिथून ते पूर्वेला निघाले. मी थोडं अंतर ठेवून मागं होतो. कॅमेरा बंद केलाय असं त्यांना वाटलं असावं.

बघा, चौदा नंबरच्या खांबाजवळ थांबलेत. सूर्य मावळतीला आणि त्यांची पाठ सूर्याकडं. ते वळले. आता सूर्य समोर आला.

वाकले. खडा उचलला. बांधावर टाकायला हात मागं घेतला आणि बांध कुठं आहे ते बघतायत.

(निवेदन संपते. चित्र चालू राहते. आबा खडा खिशात टाकतात.)