शेअर घरी न आणता

(दृश्य : मुंबई, दलाल स्ट्रीट. सकाळची वेळ.)

एकेकाळी या गल्लीत शनिवार हा बदल्याचा वार असे. शेअर तर घेतले, पण पैसे भरायचे नाहीत, अशा तेजीवाल्याची इथे सोय होती. पैसे सावकार भरायचा आणि सौदा पुढच्या सेटलमेंटवर, म्हणजे हिशेब चुकता करायच्या पुढच्या दिवसावर जायचा. त्यासाठी मोजायचं व्याज म्हणजे बदला. कधी बाजारात शेअरचीच चणचण व्हायची, मग मंदीवाल्याला, म्हणजे जवळ नसलेले शेअर विकून बसलेल्याला, खिशात हात घालावा लागे. तो उंधा बदला. शब्द गुजराती, धास्ती सगळ्यांना सारखीच.

मार्च २००१ च्या पडझडीनंतर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २ जुलैपासून बदला बंद केला. नोव्हेंबरात एनएसई या शेअर बाजारात एकेका शेअरचे फ्युचर्स आले, म्हणजे भाव आज ठरवून पुढच्या तारखेला पुरे करायचे सौदे. सावकार गेला, व्याज मात्र भावात शिरलं. रोखीत १,००० रुपयांना असलेला शेअर महिनाभराच्या फ्युचरमध्ये बहुधा पाच-सहा रुपये वर दिसतो. ते वरचे रुपये म्हणजे जुना बदलाच.

(दृश्य : मोबाइलवर हलणारे भाव.)

समजा, लॉट, म्हणजे एका सौद्यातला ठरलेला गठ्ठा, ५०० शेअरचा. सौदा झाला ५ लाखांचा. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, पाचवा हिस्सा धरू, म्हणजे १ लाख. भाव ५० रुपयांनी उतरला, जेमतेम ५ टक्के, की त्याच दिवसाच्या हिशेबात २५ हजार वजा. लाखातला पाव हिस्सा गेला! बदल्यात सेटलमेंटपर्यंत तरी उसंत होती, इथे हिशेब रोजचा. कमी पडलेलं मार्जिन भरलं नाही तर ब्रोकर सौदा कापतो, म्हणजे परस्पर बंद करतो. आणि लाख संपला की तोटा थांबतो, असंही नाही.

सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ जण तोट्यात निघाले. त्यांत ऑप्शनवाल्यांचा, म्हणजे ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचा नुसता हक्क घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा, भरणा मोठा, हेही खरं.

ऑक्टोबर २०१९ पासून आणखी एक पेच आहे. शेअरचा फ्युचर एक्सपायरीपर्यंत, म्हणजे सौद्याची मुदत संपेपर्यंत उघडा ठेवला, तर नुसत्या भावाच्या फरकावर भागत नाही. शेअर खरोखरच घ्यावे किंवा द्यावे लागतात. लाखभर घेऊन आलेल्याने ५ लाख आणायचे कुठून? म्हणून महिन्याच्या त्या शेवटच्या दिवसांत एकच धांदल उडते. सौदा कापा, नाहीतर पुढच्या महिन्यावर ढकला. या ढकलण्याला आता रोलओव्हर म्हणतात.