लिस्बनमधली एक दुपार

नमस्कार श्रोतेहो.

लांबच्या प्रवासात विमान बदलताना मधे पाच-सात तास मोकळे मिळतात. बहुतेक जण ते विमानतळावरच्या खुर्चीत डुलक्या काढत घालवतात. मला अशी एक दुपार पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये मिळाली. शेंगेन व्हिसा होता, सामान परस्पर पुढच्या विमानात जाणार होतं. लिस्बनचा विमानतळ शहराला इतका लागून आहे की मेट्रोने अर्ध्या तासात मी मार्केश द पोंबाल चौकात पोचले. शहर दाखवणाऱ्या दुमजली, वरून उघड्या बसगाड्या तिथून सुटतात. तिकीट काढलं की कुठेही उतरा, मागच्या गाडीत पुन्हा चढा. पण मागची गाडी यायला वेळ लागतो, म्हणून मी ठरवलं, उतरायचं ते एकदाच.

बस उताराने नदीकडे निघाली. लिस्बनच्या पायाशी तेजो नदीची रुंद खाडी आहे. अटलांटिक थोडा पुढे, पण वारा आत्ताच खारट लागतो. डोंगरउतारावरच्या जुन्या गल्ल्या वाकड्यातिकड्या, आणि खालची पेठ मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ. 1 नोव्हेंबर 1755 ला, सणाच्या सकाळी, इथे भयंकर भूकंप झाला. लोक चर्चमध्ये होते, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. मागोमाग समुद्राची लाट आली आणि आग कितीतरी दिवस धुमसत राहिली. मग पोंबाल या मंत्र्याने ही पेठ नव्याने वसवली. पुढचा धक्का सोसावा म्हणून घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे घातले. बसच्या वरच्या मजल्यावरून त्या खिडक्यांच्या एकसारख्या रांगा बघताना मला किल्लारीची आठवण झाली.

पुढे नदीकाठाने जाताना डोक्यावर तांबड्या रंगाचा प्रचंड झुलता पूल येतो. 1966 मध्ये तो झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. 25 एप्रिल 1974 ला क्रांती झाली आणि पुलाला त्या तारखेचंच नाव दिलं. श्रोतेहो, ही तारीख आपल्याही कामाची आहे. गोवा मुक्त झाला 1961 साली, पण गोवा भारताचा हे पोर्तुगालने मान्य केलं ते या क्रांतीनंतर, 1974 च्या अखेरीस.

मी उतरले बेलेंला, लिस्बनच्या नदीकाठच्या भागात. तुम्ही गेलात तर तुम्हीही तिथेच उतरा, फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी तिथला जेरोनिमुश मठ बंद असतो. सोळाव्या शतकात हा मठ उभा राहिला तो मुख्यतः पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. म्हणजे मिरीच्या पैशातून! खांबांवर, कमानींवर जहाजाचे दोरखंड आणि त्यांच्या गाठी दगडात कोरल्या आहेत. माझ्या आजोळी सावंतवाडीजवळ पोफळींवर मिरवेल चढलेली असते. लहानपणी खळ्यात मिरी वाळत घालायचं काम आम्हा मुलांकडे होतं. इथे आलेली मिरी मलबारची, हे मला माहीत आहे. तरी त्या खांबावर हात ठेवला तेव्हा आजीच्या खळ्यातला तो तिखट वास नाकात आला.

चर्चच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी आहे. तो वारला 1524 मध्ये, आपल्या कोचीत. आधी तिथेच पुरला होता, नंतर अस्थी इकडे आणल्या. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. हात जोडावेसे वाटले नाहीत. त्याच्या गलबतांमागून आलेल्यांनी आपल्या किनाऱ्यावर काय केलं, ते वसईपासून गोव्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाठ फिरवून निघून जावंसंही वाटलं नाही.

बाहेर नदीकाठी दर्यावर्दींचं मोठं दगडी स्मारक आहे, पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री याच्या मागे रांगेने उभे असलेले खलाशी, नकाशे काढणारे, पाद्री. आज दिसतं ते बांधकाम 1960 चं. पुढच्याच वर्षी गोवा सुटला.

विमानाला तीन तास उरले होते. मठाच्या शेजारी 1837 पासून चालणारं एक दुकान आहे, अंड्याच्या मलईच्या छोट्या खुसखुशीत वाट्यांसाठी प्रसिद्ध. आतून गरम, वरून जरा करपलेल्या. सोबत दालचिनीची पूड देतात. मी ती सढळ हाताने भुरभुरवली, दोन वाट्या उभ्याउभ्या खाल्ल्या आणि बसच्या थांब्याकडे पळाले.