घोषणा कुठवर आली?

[दृश्य: सकाळ. पानठेल्यासमोरचा बाक. एकाच मोबाइलवर वाकलेली चार डोकी.]

मंत्र्यांच्या भाषणाची क्लिप सकाळी आठच्या आत गावात पोचते. पानठेल्यावर चौघं मिळून ती ऐकतात, आणि ती संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "लबाडाघरचं आवतण, जेवल्याशिवाय खरं नाई."

विदर्भातल्या कास्तकाराला हा अविश्वास अनुभवाने शिकवला आहे. 22 एप्रिल 1988 ला वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. अंदाजित खर्च होता 372 कोटी रुपये आणि भिजणार होती सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन. त्या दिवशी पाळण्यात असलेली पोरं पुढे बाप झाली. खर्च हजारो कोटींवर गेला, आणि तीस वर्षांनंतरही कालव्यांची कामं सुरूच होती.

पण सगळंच खोटं मानणाराही नागवला जातो. अतिवृष्टीच्या मदतीची यादी लागते, त्यात नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा लावून ओळख पटवायची राहिली, तर मंजूर झालेले पैसेही कित्येकदा खात्यात येत नाहीत. "काई येत नाई" म्हणून घरी बसलेल्याचे पैसे अडकतात. "आलेच समजा" म्हणून दुकानदाराकडे उधारी करणारा व्याजात बुडतो. दोघांनाही एकच गोष्ट कळायला हवी होती: घोषणा कुठवर आली आहे?

[दृश्य: टेबलावर छापलेला शासन निर्णय. बोट एकेका ओळीवरून सरकतं.]

हा शासन निर्णय. बोलताना आपण याला जीआर म्हणतो. वर विषय, खाली विभाग, क्रमांक आणि दिनांक. मग "वाचा" या शब्दाखाली जुन्या निर्णयांची यादी येते. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात, पण नवं म्हणून सांगितलेलं जुन्याचंच पुढचं पान आहे का, हे तिथेच कळतं. प्रस्तावना भरभर वाचली तरी चालेल, तिच्यातून कोणाला काही मिळत नाही. पेन्सिल घेऊन थांबायचं ते "शासन निर्णय" या मथळ्याखाली. पात्रता कोणाची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि "खालील अटींच्या अधीन राहून" या शब्दांनंतर काय लिहिलंय.

मग थेट शेवटाकडे. खर्च कोणत्या मागणी क्रमांकातून, कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यातून भागवायचा, याची ओळ तिथे असते. वित्त विभागाच्या सहमतीचा क्रमांकही (कागदावर त्याला "अनौपचारिक संदर्भ" म्हणतात) तिथेच दिसतो. खर्चाच्या योजनेच्या कागदात या ओळी नसतील, तर पैशाचा रस्ता अजून ठरलेला नाही असं समजावं. कागदावर 18 आकडी संकेतांकही असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. व्हॉट्सॲपवर आलेला जीआर खरा की बनावट, हे ठरवायला तो संकेतांक महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. दोन मिनिटांचं काम आहे. त्याच विषयाचं नंतर शुद्धिपत्रक निघालंय का, तेही तिथेच शोधावं. एका ओळीच्या शुद्धिपत्रकाने तारीख बदलते आणि जुना कागद हातात धरून माणूस तहसीलला खेटे घालत राहतो.

जीआरच्या आधीही पायऱ्या असतात. "तत्त्वतः मान्यता" म्हणजे कल्पना पटली, पैसा ठरला असं नव्हे. पैसा अर्थसंकल्पात तरी दिसला पाहिजे, नाहीतर वर्षाच्या मधे अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्यांत तरी. तिथे कधी कधी नव्या कामापुढे फक्त एक हजार रुपयांची नाममात्र तरतूद असते. एवढ्याने कामाचं नाव अर्थसंकल्पात येतं, काम होत नाही. रस्त्याचं उदाहरण घ्या. तरतुदीनंतर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कागद. नारळ यातल्या कोणत्याही पायरीवर फुटू शकतो. म्हणून भूमिपूजनाला आलेल्या पुढाऱ्याला एकच विचारायचं: कार्यारंभ आदेशाची तारीख काय?

[दृश्य: सहकारी सोसायटीच्या भिंतीवर जुन्या याद्या. शाई उडालेली.]

तारखांचं महत्त्व समजून घ्यायला कर्जमाफीएवढा चांगला धडा नाही.

2008 ची केंद्राची कर्जमाफी. कर्ज 31 मार्च 2007 पर्यंत उचललेलं आणि 31 डिसेंबर 2007 ला थकीत असलेलं हवं. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांच्या आत. त्यावरच्यांनी 75 टक्के भरले तर 25 टक्क्यांची सूट. बागायती भागात पाच एकर म्हणजे बरी शेती. वऱ्हाडातल्या कोरडवाहू कपाशीत सात-आठ एकर असूनही घर भागत नाही. तो सात-आठ एकरवाला धुऱ्याच्या मापाने पूर्ण माफीच्या बाहेर फेकला गेला. ही अट पहिल्या दिवसापासून कागदावर होती.

2017 ला राज्याने दीड लाखापर्यंतची माफी आणली. थकबाकीची तारीख होती 30 जून 2016. दीड लाखाच्या वर कर्ज असेल, तर वरची रक्कम आधी स्वतः भरायची. डिसेंबर 2019 च्या योजनेत मर्यादा दोन लाखांवर गेली. कर्ज 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 मधलं आणि 30 सप्टेंबर 2019 ला थकीत. पण मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांच्या वर गेलं की माणूस अपात्र. ज्याच्याकडे 1 लाख 98 हजार होते तो सुटला. ज्याच्याकडे 2 लाख 4 हजार होते, त्याला एक रुपयाही नाही. दोघांनी भाषण मात्र एकच ऐकलं होतं.

आता पुढचं वाक्य वाचून पाहू. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस कर्जमाफीसाठी नागपूरच्या वेशीवर आंदोलन झालं. तेव्हा सरकारने समिती नेमली आणि 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं. या वाक्यात तारीख होती ती निर्णयाची. पैसे जमा होण्याची तारीख त्यात नव्हती. कोणत्या दिवसापर्यंतची थकबाकी, मर्यादा किती, नियमित भरणाऱ्याचं काय, हेही नव्हतं. आंदोलन फसलं असा याचा अर्थ नाही. तारीख घेणं हीसुद्धा कमाईच आहे. पुढे कशावर बोट ठेवायचं, ते या रिकाम्या जागा सांगतात.

पॅकेजचा आकडा मात्र सोलून पाहावा लागतो. 7 ऑक्टोबर 2025 ला अतिवृष्टीसाठी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कोरडवाहूला हेक्टरी 18,500 रुपये असं सांगितलं गेलं. त्यातले 8,500 आपत्ती निधीच्या ठरलेल्या दराचे आणि 10,000 रब्बीच्या बी-बियाण्यासाठी. म्हणजे दोन वेगळ्या रकमा. एक जमा झाली म्हणजे दुसरी जमा झाली असं नाही. शिवाय हेक्टरी 8,500 म्हणजे एकरी साडेतीन हजारांच्याही आत. पॅकेज ऐकलं की वही घ्यावी आणि तीन रकाने पाडावेत: आधीच्या नियमाने मिळणारच होतं ते, विम्यातून येणार ते, आणि खरोखर नवं. तिसरा रकाना बहुतेक वेळा सर्वांत लहान निघतो. विरोधकांनी सांगितलेल्या आकड्यालाही हीच वही लावावी.

[दृश्य: कापूस खरेदी केंद्र. बैलबंड्या आणि ट्रॅक्टरची रांग. आर्द्रता मोजणारं यंत्र कापसात खुपसलेलं.]

काही निर्णय शेतीच्या नावाने येतच नाहीत. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल जाहीर झाला आणि त्याची बातमी गावागावात पोचली. त्याच वर्षी 19 ऑगस्टपासून कापसाच्या आयातीवरचं 11 टक्के शुल्क उठवलं गेलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. वेचणी ऐन भरात असतानाचे हे दिवस. बाहेरचा कापूस स्वस्तात आला की खासगी व्यापाऱ्याचा भाव हमीभावाखाली जातो आणि सगळे सरकारी केंद्राकडे धावतात. तिथे आर्द्रतेची अट: 8 टक्क्यांच्या वर दर टक्क्यामागे भावात कपात, 12 च्या वर खरेदीच नाही. अवकाळी पावसात भिजलेला कापूस घरी वाळवायला जागा नाही, तो 13 दाखवतो आणि बंडी परत फिरते. हमीभाव वाढला हे खरं होतं, आणि तो मिळाला नाही हेही खरं.

[दृश्य: गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. मेंढा-लेखा. बांबूचं जंगल.]

कागद वाचून सरकारशी बोलता येतं, हे विदर्भातल्याच एका गावाने दाखवून दिलंय. मेंढा-लेखा या गोंड गावात अभ्यास गटाची रीत आहे. अभ्यास गटात फक्त समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूवर अडलं. 1927 चा भारतीय वन कायदा बांबूला झाडात धरत होता, म्हणून वनखातं वाहतूक परवाना गावाला द्यायला तयार नव्हतं. पण 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. गाव त्या व्याख्येवर ठाम राहिलं. एप्रिल 2011 मध्ये परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हातात आली.

[दृश्य: संध्याकाळ. ग्रामपंचायतीची ओसरी. सतरंजीवर आठ-दहा जण, बायाही. मधे एकच कागद.]

असा गट कोणत्याही गावात बसू शकतो. एका बैठकीला एकच कागद. एकाने मोठ्याने वाचायचा, इतरांनी तारखा आणि अटींखाली रेघा मारायच्या. जे कळलं नाही त्याचा माहिती अधिकारात अर्ज करायचा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. "रस्ता का झाला नाही" असं विचारलं की उत्तर टाळता येतं, कारण तो कायदा कागद मागण्याचा आहे, खुलासा मागण्याचा नाही. म्हणून असं लिहायचं: "सदर कामाच्या कार्यारंभ आदेशाची, मोजमाप पुस्तिकेची व आजवर अदा केलेल्या देयकांची प्रत मिळावी." उत्तराला मुदत 30 दिवसांची. उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे.

मोजमाप पुस्तिकेची प्रत आली, की टेप घेऊन रस्त्यावर जायचं. तिच्यात लांबी, रुंदी आणि थराची जाडी लिहिलेली असते.