एक उरला की कली

[दृश्य: जमिनीतला उथळ खळगा, त्यात सुकलेले बेहडे]

हा बेहडा. हिरडा आणि आवळ्याबरोबर त्रिफळा चूर्णात पडतो, तोच. वेदकाळात याचेच फासे होते. पण कवडीसारखं याला उताणं-पालथं नाही, अंगावर ठिपके नाहीत. त्यामुळे दान बघून कळत नाही, मोजावं लागतं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४ वं सूक्त या खेळाचं आहे. त्यातला जुगारी हळहळतो, की 'एकपर' अक्षापायी (अक्ष म्हणजे फासा) मी माझ्या निष्ठावान बायकोला दूर लोटलं. एकपर म्हणजे एक जास्त झालेला. असे धागे जुळवून अभ्यासकांनी मांडलेली एक रीत अशी: ढिगातून फळं उचलायची आणि चार-चारांनी बाजूला काढायची. काही उरलं नाही तर कृत, सगळ्यात वरचं दान. तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर. एक उरला की कली, डाव गेला.

[दृश्य: चार-चारांचे गट, शेवटी एकटं फळ]

२४ आली, कृत. २५ आली, कली. मध्ये फक्त एक फळ.

खेळून बघायचं असेल तर शंभरेक फळं घ्या. सूक्तातल्या 'त्रिपञ्चाशः' शब्दाचा अर्थ कुणी ५३ लावतं, कुणी १५०. फुटकी फळं आधीच काढून टाका; दोन तुकडे एक धरायचे की दोन, यावरूनच भांडण होतं. फरशीवर बेहडे घरंगळतात, म्हणून खळगा हवा.

आता देवांकडे. कली आणि द्वापर ही नुसती दानांची नावं नाहीत. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात ते दोघं स्वतः खेळात उतरतात. दमयंतीनं इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांना सोडून नळाला माळ घातली, याचा कलीला राग. तो म्हणतो, मी नळात शिरतो, द्वापरा, तू फाशांत शीर. पण मनात आलं आणि शिरला, असं चालत नाही. माणसाची चूक घडावी लागते. कली बारा वर्षं टपून बसला. एके दिवशी लघवीनंतर पाय न धुताच नळ संध्येला बसला, तेवढी फट पुरली. मग भाऊ पुष्कराबरोबरचा डाव कित्येक महिने चालला आणि नळ राज्य हरला.

[दृश्य: बेहड्याचं झाड]

सुटका मात्र मोजणीतून झाली. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या दोन फांद्या बघून सांगतो: ५ कोटी पानं, २०९५ फळं. सारथी झालेला नळ रथ थांबवतो, झाड पाडून फळं मोजतो, आकडा बरोबर. (चारांनी भागलं तर तीन उरतात, म्हणजे त्रेता.) मूठ उघडण्याआधी आत किती हे ज्याला कळतं, त्याच्यापुढे फाशात बसलेला द्वापर काय करणार? नळानं ऋतुपर्णाकडून ही विद्या, अक्षहृदय, घेतली आणि बदल्यात घोड्यांची विद्या देऊ केली. त्याच क्षणी, नळाला पूर्वी डसलेल्या कर्कोटक नागाचं विष ओकत कली बाहेर पडला आणि त्याच बेहड्यात शिरला. तेव्हापासून ते झाड बदनाम.

पुढे पुष्कराशी नळ एकाच पणात जिंकला.

ही गोष्ट बृहदश्व ऋषी सांगतात ती युधिष्ठिराला, आणि शेवटी अक्षहृदय त्यालाही शिकवतात. तेव्हा तो द्यूतात सगळं घालवून वनात बसलेला होता.